विश्लेषण : वेढा उठला, तरी माणसं का मरत राहिली? पोटाचं शास्त्र लिहिणारे चिनी वैद्य ली दोंगयुआन कोण होते?

ओझर (नाशिक) : सन १२३२. चीनमधल्या काइफेंग शहराभोवतीचा मंगोल सैन्याचा वेढा उठला. हल्ले थांबले, वेशी उघडल्या, लोकांना पुन्हा पोटभर जेवायला मिळू लागलं. हाल संपले असं वाटत असतानाच शहरात घरोघरी माणसं तापाने फणफणू लागली आणि मृत्यूचं थैमान सुरू झालं.

शहरातल्या वैद्यांनी हा बाहेरून लागलेला ताप मानला. घाम काढायचा, जुलाब देऊन पोट साफ करायचं, हे अशा तापावरचे तेव्हाचे ठरलेले उपचार. त्याच शहरात राहणाऱ्या ली दोंगयुआन यांना मात्र वेगळंच दिसत होतं. त्यांच्या मते हा ताप बाहेरून आलेलाच नव्हता. उपासमार, भीती आणि कष्टाने लोकांचं पचन आतून कोलमडलं होतं, आणि अशा रुग्णाला जुलाब देणं म्हणजे उरलीसुरली ताकदही काढून घेणं होतं.

या एका निरीक्षणातून पुढे चिनी वैद्यकातली पचनाची एक संपूर्ण शाखा उभी राहिली. पोट फुगणं, भूक न लागणं, जेवल्यावर गळून जाणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, अशा तक्रारींकडे पारंपरिक चिनी वैद्य आजही ज्या नजरेने पाहतात, त्यात ली दोंगयुआन यांचा मोठा वाटा आहे. ते कोण होते, त्यांनी नेमकं काय मांडलं आणि आजचं विज्ञान त्याकडे कसं पाहतं, हे जाणून घेऊ.

ली दोंगयुआन कोण होते?

त्यांचं मूळ नाव ली गाओ. जन्म ११८०चा. दोंगयुआन हे त्यांनी पुढे घेतलेलं नाव, आणि जग त्यांना त्याच नावाने ओळखतं. उत्तर चीनवर तेव्हा जुर्चेन लोकांच्या चिन घराण्याचं राज्य होतं. ली यांचं घराणं चेनदिंग या भागातल्या अतिश्रीमंत घराण्यांपैकी एक होतं.

चेनदिंग म्हणजे आजचं झेंगडिंग. हे गाव हबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंगच्या अगदी जवळ आहे. नाशिकचं विमानतळ जसं ओझरला आहे, तसं शिजियाझुआंगचं विमानतळ झेंगडिंगला आहे. म्हणजे तिकडे विमानाने जाणारा प्रवासी ली यांच्याच गावात उतरतो.

या शहराचं महाराष्ट्राशीही नातं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी त्यांचं हबेईतच निधन झालं. त्यांची समाधी शिजियाझुआंगच्या शहीद स्मारकात आहे. त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं. कोटणीसांची समाधी पाहायला जाणाऱ्या मराठी माणसाला शेजारच्या गावातले ली दोंगयुआन मात्र सहसा माहीत नसतात.

श्रीमंत घरातला मुलगा वैद्यकाकडे कसा वळला?

ली यांचं शिक्षण त्या काळच्या सरदार घराण्यातल्या मुलासारखं झालं. नामवंत विद्वानांकडे त्यांनी कन्फ्युशियसच्या परंपरेतले ग्रंथ शिकून घेतले. घराच्या मोकळ्या जागेत त्यांनी विद्वानांसाठी एक वास्तू बांधली आणि गरीब अभ्यासकांचा खर्चही उचलला. वैद्यकी हा तेव्हा फार प्रतिष्ठेचा पेशा नव्हता. श्रीमंत घरातल्या मुलाने त्यात पडायचं काही कारण नव्हतं.

कारण घडलं ते आईच्या आजारपणातून. त्यांची आई आजारी पडली तेव्हा पैशाला कमी नव्हती. गावातले एकूण एक वैद्य बोलावले गेले. पण एकाने आजार थंडीचा ठरवला, दुसऱ्याने उष्णतेचा. एकाने गरम औषधं दिली, दुसऱ्याने थंड. सगळे उपाय करून झाले आणि आई गेली. तिला नेमकं काय झालं होतं, हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही.

या घटनेने तरुण ली हादरले. आपल्याला वैद्यक येत नव्हतं म्हणून आई गेली, ही बोच त्यांच्या मनात राहिली. चांगला गुरू भेटला तर हे शास्त्र शिकून ती चूक भरून काढायची, असं त्यांनी ठरवलं.

तेव्हा यीजोउ इथले झांग युआनसू हे वैद्य फार गाजलेले होते. ली यांनी त्यांना भरघोस सोनं आणि भरजरी कापड गुरुदक्षिणा म्हणून दिलं आणि काही वर्षं त्यांच्याजवळ राहून वैद्यक शिकले. जुन्या ग्रंथातली औषधं आजच्या माणसाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, रोगी आणि काळ पाहून औषध ठरवावं लागतं, हा झांग यांच्या शिकवणीचा गाभा होता. ली यांनी तो आयुष्यभर जपला.

शिकून झाल्यावरही त्यांनी दवाखाना थाटला नाही. घरचं सगळं बरं होतं आणि स्वभाव काहीसा तुटक होता. त्यामुळे लोक उठसूट त्यांच्याकडे औषधाला जायला कचरत. मात्र दुष्काळ पडला आणि लोक गाव सोडून जाऊ लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पदरचं खर्चून अनेकांना जगवलं. भुकेलं शरीर कसं दिसतं, हे काइफेंगच्या कितीतरी आधी त्यांनी पाहिलं होतं.

१२०२ ची साथ : पोटाला शिक्षा कशाला?

पुढे ली यांनी सरकारला रक्कम भरून एक पद मिळवलं आणि जियुआन इथे कर अधिकारी म्हणून रुजू झाले. १२०२ मध्ये तिथे एक भयंकर साथ आली. सुरुवातीला अंग जड व्हायचं, थंडी वाजून ताप यायचा. मग डोकं आणि चेहरा इतका सुजायचा की डोळे उघडत नसत. घसा धरायचा, श्वास लागायचा. लोक या आजाराला मोठ्या डोक्याची साथ म्हणत. आजचे काही अभ्यासक त्याची तुलना चेहऱ्यावरच्या विसर्प या जंतुसंसर्गाशी किंवा गालगुंडाशी करतात.

तिथले वैद्य रुग्णांना रेवाचिनी असलेलं तीव्र रेचक देत होते. जुलाब झाले की रुग्णाला थोडं बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी सूज पुन्हा यायची. पुन्हा रेचक, पुन्हा थोडा आराम, पुन्हा सूज. असं करत करत रुग्ण दगावायचा.

ली यांनी यावर विचार केला आणि एक साधी गोष्ट मांडली. रोग डोक्यात आणि छातीत आहे. रेचक काम करतं पोटावर आणि आतड्यांवर. म्हणजे गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यालाच. त्यांनी वरच्या भागातली उष्णता निवळवणारं वेगळं औषध तयार केलं. त्याचा गुण आला असं लोकांना वाटलं तेव्हा औषधाची कृती नकलून दूरदूर पाठवली गेली. पुढे ती दगडावर कोरून वर्दळीच्या जागी लावण्यात आली. ती कुणा सिद्धपुरुषाने दिली, असाही समज पसरला.

सगळ्यांना एकच औषध द्यायचं, थोडा आराम पडला की तेच पुन्हा द्यायचं, आणि रोगाची जागा तपासायचीच नाही, ही चूक त्यांना इथे स्पष्ट दिसली. तीस वर्षांनी तीच चूक त्यांना एका अख्ख्या शहरात दिसणार होती.

काइफेंगमध्ये नेमकं काय घडलं?

चंगीझ खानाच्या फौजा उत्तर चीनमध्ये घुसल्या तसं चिन घराण्याने १२१४ मध्ये आपली राजधानी दक्षिणेला काइफेंगमध्ये हलवली. ली यांनीही युद्धापासून बचावासाठी त्याच शहराचा आसरा घेतला. इथे ते खऱ्या अर्थाने वैद्य म्हणून वावरू लागले आणि दरबारी लोकांमध्ये त्यांचं नाव झालं.

१२३२ च्या वसंतात मंगोल फौजेने काइफेंगला वेढा घातला. शहर निर्वासितांनी भरलेलं होतं. सुमारे पंधरवडाभर तटावर घनघोर लढाई चालली. बचावासाठी चिन सैन्याने दारूने भरलेले स्फोटक गोळेही वापरले. नंतर बोलणी झाली आणि वेढा उठला. ली तेव्हा ५२ वर्षांचे होते.

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन त्यांनी स्वतःच्या ग्रंथात केलं आहे. शहरात आजारी न पडलेला माणूस सापडणं कठीण झालं. शहराला १२ वेशी होत्या. प्रत्येक वेशीतून रोज कमीत कमी एक हजार आणि जास्तीत जास्त दोन हजार प्रेतं बाहेर नेली जात, आणि हे जवळपास तीन महिने चाललं, असं ते सांगतात.

हे आकडे किती खरे?

हिशेब मांडून पाहू. १२ वेशी आणि प्रत्येकी एक ते दोन हजार, म्हणजे रोज १२ ते २४ हजार मृत्यू. चिन घराण्याच्या अधिकृत इतिहासात ५० दिवसांत नऊ लाखांहून जास्त प्रेतं वेशीबाहेर गेल्याची नोंद आहे. त्याची रोजची सरासरी १८ हजार येते. म्हणजे हे दोन्ही आकडे एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात.

पण ली यांचा आकडा तीन महिन्यांनी गुणला तर मृतांची संख्या १० ते २१ लाखांवर जाते. एका शहरात तेव्हा एवढी माणसं होती का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. आकडे फुगलेले असू शकतात. तरीही अतिशय मोठ्या संख्येने माणसं मेली, याबद्दल वाद नाही.

ली यांचं निदान काय होतं?

ली यांनी विचारलेला प्रश्न असा होता : एवढ्या लाखो लोकांना एकाच वेळी बाहेरच्या थंडी-वाऱ्याची बाधा कशी होईल? त्यांना ते पटेना. त्याऐवजी त्यांनी गेल्या दोन-तीन महिन्यांत हे लोक कसे जगले ते पाहिलं.

जेवण वेळेवर नाही. सकाळी उपाशी, संध्याकाळी मिळेल ते. अंगावर पुरेसं पांघरूण नाही. रात्रंदिवस कष्ट आणि मरणाची भीती. यात पचनाची ताकद हळूहळू संपत गेली. वेढा उठल्यावर अन्न मिळालं तसं लोकांनी ते भरभरून खाल्लं. दुबळ्या पोटाला ते झेपलं नाही. त्यातच वैद्यांनी चुकीची औषधं दिली.

या चुकीच्या औषधांबद्दल ते विशेष कठोर आहेत. कुणी घाम काढणारी औषधं देत होतं, कुणी जमालगोट्याचं रेचक, कुणी रेवाचिनीचं. त्यानंतर रुग्णांना छाती-पोटात गच्चपणा, कावीळ अशी नवी लक्षणं व्हायची. मग वैद्य म्हणायचे की बघा, हा बाहेरचाच ताप होता. ली यांच्या मते ही लक्षणं मूळ रोगाची नव्हती, उपचारांमधून आलेली होती.

हे त्यांनी एकट्या काइफेंगवरून ठरवलं नव्हतं. त्याआधी दोंगपिंग, ताइयुआन आणि फेंगशियांग या शहरांनाही वेढे पडले होते. तिथेही वेढा उठल्यावर अशाच रीतीने माणसं गेली होती, याची नोंद ते करतात.

दोन ताप ओळखायचे कसे?

केवळ इतर वैद्यांच्या चुका काढून ली थांबले नाहीत. बाहेरून लागलेला ताप आणि आतल्या बिघाडाचा ताप कसा ओळखायचा, याची त्यांनी पडताळणीची यादीच दिली. त्यातल्या काही खुणा अशा :

• हात : बाहेरच्या तापात हाताची पाठ जास्त गरम लागते. आतल्या तापात तळवे जास्त गरम लागतात.
• थंडी : बाहेरच्या तापात शेकोटीजवळ बसलं तरी हुडहुडी जात नाही. आतल्या तापात पांघरूण घेतलं की बरं वाटतं.
• डोकेदुखी : बाहेरच्या तापात ती सलग असते. आतल्या तापात येते-जाते.
• आवाज : बाहेरच्या तापात आवाज जड पण जोरकस असतो. आतल्या तापात बोलायचाही कंटाळा येतो.
• चव : बाहेरच्या तापात जेवण नको वाटतं, पण चव कळते. आतल्या तापात तोंडाला चवच नसते.

या खुणा आजच्या तपासण्यांची जागा घेऊ शकत नाहीत. थर्मामीटरही नसलेल्या काळात एका वैद्याने दोन सारख्या दिसणाऱ्या आजारांत फरक करायची पद्धत लिहून ठेवली, एवढंच त्यांचं महत्त्व आहे. ज्या घरात एकाच रुग्णाबद्दल प्रत्येक वैद्याचं मत वेगळं पडलं होतं, त्या घरातल्या मुलाला अशी यादी किती गरजेची वाटली असेल, हे समजू शकतं.

चिनी वैद्यकात प्लीहा आणि जठर म्हणजे काय?

ली यांच्या विचाराचं केंद्र पी आणि वेई ही जोडी आहे. भाषांतरात त्यांना प्लीहा आणि जठर म्हणतात. पण इथे एक घोळ होतो. आधुनिक शरीरशास्त्रात प्लीहा, म्हणजे पाणथरी, पचनाचं काम करत नाही. ती रक्त गाळते आणि रोगप्रतिकारात भाग घेते. चिनी वैद्यकातली पी हा शरीरातला एक ठरावीक अवयव नसून अन्नातून ताकद तयार करण्याच्या सगळ्या कामाला दिलेलं नाव आहे.

या मांडणीनुसार जठर अन्न स्वीकारून खाली ढकलतं. प्लीहा त्यातलं सत्त्व वर चढवून सगळ्या शरीराला पोहोचवते. द्राक्षबागेचं उदाहरण घेतलं तर लवकर लक्षात येईल. विहिरीवरची मोटार पाणी चढवते आणि चर जास्तीचं पाणी काढून टाकतो. मोटार दमली तर वेली सुकतात. चर तुंबला तर बागेत चिखल होतो. दोन्ही कामं एकमेकांवर अवलंबून आहेत, आणि बिघाड कुठे आहे ते न पाहता केलेली दुरुस्ती बागेचं नुकसान करते.

शरीरातली ही कार्यशक्ती म्हणजे ची. प्लीहेची ची दमली की अशक्तपणाबरोबर एक वेगळीच उष्णता निर्माण होते, असं ली यांचं म्हणणं होतं. ही उष्णता थंड औषधांनी जात नाही, पचनाला बळ दिल्यावर जाते, असा त्यांचा दावा होता. ताप असलेल्या माणसाला गोडसर, उष्ण आणि बळ देणारी औषधं द्यायची, हे तेव्हाच्या वैद्यांना उलटंच वाटलं असणार.

त्यासाठी त्यांनी दिलेला काढा आजही प्रसिद्ध आहे. त्याचं नाव बू-झोंग यी-ची तांग, म्हणजे साधारणपणे मध्यभागाला बळ देऊन ची वाढवणारा काढा. त्यात आठ घटक आहेत. जिनसेंग, ज्येष्ठमध आणि संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल हे त्यातले आपल्या ओळखीचे. ली यांच्या औषधांमध्ये घटक पुष्कळ, पण प्रत्येकाचं प्रमाण अगदी थोडं असायचं. दमलेल्या पोटावर औषधाचाही भार नको, असा त्यामागचा विचार होता.

आजचे चिनी वैद्य पचनाच्या बिघाडाचे कोणते प्रकार मानतात?

ली यांच्यानंतर आठशे वर्षांत या मांडणीत बरीच भर पडली. आजच्या चिनी वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत पचनाच्या बिघाडाचे लक्षणसमूह साधारण असे दिले जातात :

• प्लीहेची ची क्षीण होणं : भूक मंद, जेवल्यावर पोट फुगणं, पातळ शौच, थकवा, फिकट जिभेच्या कडेला दातांचे ठसे.
• ची खाली घसरणं : ओटीपोटात जडपणा, जुनाट जुलाब, अंग बाहेर येणं.
• यकृत आणि प्लीहा यांचा मेळ बिघडणं : ताण किंवा रागाने पोटात कळ येणं, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब.
• अन्न साचणं : आंबट ढेकर, गच्च पोट, जिभेवर जाड थर.
• जठरात उष्णता : सारखी भूक, तोंडाला वास, हिरड्या सुजणं, थंड पाण्याची ओढ.

यातल्या पहिल्या दोन प्रकारांवर ली यांची छाप सगळ्यात ठळक आहे. वाचताना अनेकांना आयुर्वेदातला अग्नी आठवेल. तिथेही सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद असे अग्नीचे चार प्रकार आहेत. दोन्हीकडे पचन हा आरोग्याचा पाया मानला आहे. मात्र दोन्ही शास्त्रांची तत्त्वं वेगळी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याच्या निदानावर चालत नाही.

ली यांची शेवटची वर्षं कशी गेली?

काइफेंगमधून ली उत्तरेकडे निसटले. त्यांच्याबरोबर तेव्हाचे मोठे कवी युआन हाओवेन होते. लियाओचेंग आणि दोंगपिंग या भागात दोघांचा सहा वर्षं सहवास झाला. १२४४ मध्ये ली आपल्या गावी परतले. चिन घराण्याचं राज्य तोवर संपलं होतं.

काइफेंगच्या सुमारास लिहिलेलं टिपण त्यांनी तब्बल १६ वर्षं बाजूला ठेवलं होतं. एका स्नेह्याच्या आग्रहामुळे १२४७ मध्ये त्यांनी ते पूर्ण केलं. आतला आणि बाहेरचा आजार यांतला गोंधळ दूर करणारा हा ग्रंथ. १२४९ मध्ये प्लीहा आणि जठर यांवरचा त्यांचा पी-वेई लुन हा मुख्य ग्रंथ आला. त्याला प्रस्तावना युआन हाओवेन यांची होती.

वय झालं होतं आणि विद्या कुणाकडे सोपवायची ही चिंता होती. तेव्हा लुओ तियानयी हा तरुण त्यांच्याकडे आला. पैसे कमावणारा वैद्य व्हायचं आहे की शास्त्र पुढे नेणारा, एवढंच ली यांनी त्याला विचारलं. त्याने दुसरा मार्ग निवडला आणि ली यांनी त्याला ठेवून घेतलं. त्याच्या जेवणाखाण्याचा खर्चही तेच करत. तीन वर्षांनी घरच्या ओढगस्तीमुळे तो शिक्षण सोडेल की काय, या विचाराने त्यांनी त्याला चांदीही देऊ केली, तीही त्याचे आढेवेढे न ऐकता. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपली सगळी हस्तलिखितं ओळीने टेबलावर मांडली आणि लुओच्या हवाली केली. ही विद्या ना आपल्यासाठी, ना शिष्यासाठी, ती पुढच्या लोकांसाठी आहे, अशी त्यांची भावना होती.

१२५१ मध्ये ली यांचं निधन झालं. पंचवीस वर्षांनी, १२७६ मध्ये लुओने त्यांचा आणखी एक ग्रंथ प्रकाशात आणला. चिनी वैद्यकाच्या इतिहासात त्या काळातले चार मोठे आचार्य मानले जातात. थंड औषधांवर भर देणारे लियू वानसू, रोग बाहेर काढण्यावर भर देणारे झांग त्सोंगझेंग, पचनाला बळ देणारे ली दोंगयुआन आणि नंतरच्या पिढीतले झू दानशी.

आजचं विज्ञान काय म्हणतं?

काइफेंगमध्ये माणसं कशाने मेली, याचं ठाम उत्तर नाही. काही इतिहासकारांना तो प्लेग वाटतो. दाटीवाटीच्या, उपाशी शहरात टायफससारखे आजारही पसरतात. म्हणजे साथीचा संसर्ग होता असं मानलं, तर बाहेरचा रोग नाहीच हे ली यांचं मत निम्मं चुकतं.

पण उरलेलं निम्मं महत्त्वाचं आहे. उपासमारीने रोगप्रतिकारशक्ती ढासळते आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. जुलाबाने शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, आणि कुपोषित माणसाला तो फटका सोसत नाही. आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर जेवण जीवघेणं ठरू शकतं, हे आता वैद्यकशास्त्राने सिद्ध केलं आहे. अचानक मिळालेल्या पिष्टमय अन्नामुळे इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने कमी होतं. त्यामुळे हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्या आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांमधून सुटलेल्या उपाशी माणसांमध्ये हे ठळकपणे दिसलं. म्हणूनच आज रुग्णालयात अतिकुपोषित रुग्णाचा आहार थोड्या प्रमाणापासून सुरू करून, रक्ततपासण्या करत वाढवतात. आयुर्वेदातही शोधनानंतर पेया, विलेपी, मग यूष अशा चढत्या क्रमाने अन्न द्यायला सांगितलं आहे.

प्लीहेची ची, आतली उष्णता या कल्पना मात्र प्रयोगशाळेत मोजता आलेल्या नाहीत. एकाच रुग्णाला दोन चिनी वैद्य वेगवेगळा लक्षणसमूह देतात, असंही अभ्यासांत आढळलं आहे. ली यांच्या आईच्या बाबतीत झालेली अडचण आजही पूर्णपणे सुटलेली नाही. जपानमध्ये त्यांचा तो काढा होच्यू-एक्की-तो या नावाने डॉक्टर लिहून देतात आणि त्याचा खर्च सरकारी आरोग्य विम्यात बसतो. याचा अर्थ तो सगळ्यांना, कधीही चालतो असा नाही.

वाचकांनी यातून काय घ्यावं?

ओझरसारख्या कारखाने आणि द्राक्षबागांच्या गावात रात्रपाळी, सकाळी रिकाम्या पोटी चहा, दुपारचं जेवण चार वाजता आणि रात्री उशिरा भरपेट, हे अनेकांचं वेळापत्रक आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण तर घरोघरी माहीत आहे. निरोगी माणसाला एका दिवसाच्या उपवासाने काइफेंगसारखं काही होत नाही. पण अनेक दिवस नीट न जेवलेल्या, आजारातून उठलेल्या किंवा खूप वजन घटलेल्या माणसाला एकदम भरपेट वाढू नये. त्याच्या आहाराबद्दल डॉक्टरांना विचारावं.

पोट जड वाटलं की मनानेच रेचक घेणं टाळावं, विशेषतः ताप, उलट्या किंवा तीव्र पोटदुखी असताना. जिनसेंग किंवा ज्येष्ठमध असलेली तयार पावडर ऑनलाइन मागवून घेण्याआधीही सल्ला घ्यावा. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम कमी होऊ शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना जिनसेंगमुळे अडचण येऊ शकते.

शौचातून रक्त जाणं, काळी शौच, गिळायला त्रास, कारण नसताना वजन घटणं, थांबत नसलेल्या उलट्या किंवा काही दिवस न उतरणारा ताप यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. डॉक्टरांकडे जाताना लक्षणांबरोबर गेल्या काही आठवड्यांतलं जेवण, झोप, कामाच्या वेळा, ताण आणि आधी घेतलेली सगळी औषधं, काढेसुद्धा, सांगावीत. १२३२ मध्ये ली दोंगयुआन यांनी काइफेंगच्या रुग्णांबद्दल हीच माहिती आधी जमवली होती.